गवतातून आल्यावर अंगावर काय शोधावे

पावसाचा जोर ओसरू लागला की नाशिककरांची पावले अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर आणि रामशेजकडे वळतात. अंजनेरीच्या पठारावर त्या दिवसांत कंदीलपुष्पे फुललेली असतात. त्यांतली एक जात याच डोंगराच्या नावाने ओळखली जाते, आणि तिचे छायाचित्र मनासारखे मिळावे म्हणून माझ्यासारखी हौशी मंडळी ओल्या गवतात चक्क पालथी पडतात. दुसऱ्या दिवशी कमरेच्या पट्ट्याखाली, मोज्याच्या कडेला आणि गुडघ्याच्या मागच्या लवणीत लाल पुटकुळ्या उठतात, खाजेने झोप उडते आणि आमच्या व्हॉट्सॲप गटावर ‘डास नव्हते, मग हे काय चावले?’ असा प्रश्न येऊन पडतो. पुष्कळदा त्याचे उत्तर ‘चिगर’ हे असते.

चिगर म्हणजे एका सूक्ष्म कोळीवर्गीय जीवाची अळी. मृगाच्या पहिल्या पावसानंतर शेतात दिसणारा मखमली लाल मृगाचा किडा तिच्या दूरच्या नात्यातला आहे. तो मात्र माणसाच्या वाटेला जात नाही. चिगरचे प्रौढ जीवही मातीत राहून कीटकांची अंडी आणि बारीकसारीक जीव खातात. माणसाला चावते ती फक्त सहा पायांची अळी, आणि तिची लांबी जेमतेम 0.2 मिलिमीटर असल्यामुळे ती अंगावर चढलेली कळत नाही. जमिनीलगतच्या गवतावर ती वाट पाहत असते आणि कोणी जवळून गेले की त्याच्या बुटावर किंवा पायावर येते. तिथून ती वर चढत जाते आणि जिथे घट्ट कपड्याची अडचण येते किंवा कातडी पातळ लागते, तिथे थांबते. पुरळ नेमके इलॅस्टिकच्या रेषेवर का उठते, याचे कारण हेच आहे.

ही अळी कातडीत शिरून बसते, हा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी लोक पुटकुळीवर रॉकेल, चुना किंवा नेलपॉलिश लावून तिला ‘गुदमरवू’ पाहतात. वास्तविक ती आत शिरत नाही आणि रक्तही पीत नाही. ती कातडीला तोंड लावून आपली लाळ आत सोडते, त्या लाळेने पेशी विरघळतात आणि तो द्रव ती शोषून घेते. खाज सुटते ती या लाळेविरुद्ध आपल्याच शरीराने केलेल्या प्रतिकारामुळे, तीही काही तासांनी; तोवर अळी बहुधा खाजवण्याने किंवा आंघोळीने निघून गेलेली असते. मग रॉकेलने मरायला तिथे कोणी उरत नाही आणि भाजते ती आपली कातडी.

म्हणून खरा उपाय चावण्याच्या आधीचा आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पँटचे पाय मोज्यात खोचावेत (फोटोत बावळट दिसते, दिसू द्यावे) आणि गवतात थेट न बसता खाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरावा. 20 ते 30 टक्के डीट (किड्यांना दूर ठेवणारे रसायन) असलेले कीटकरोधक उघड्या कातडीवर, मोज्यांवर आणि पँटच्या खालच्या कडेला लावावे. सनस्क्रीन लावायचे असल्यास ते आधी लावावे. छायाचित्रकारांनी एक ध्यानात ठेवावे, की डीट काही प्रकारचे प्लॅस्टिक विरघळवते, म्हणून हात पुसल्याशिवाय कॅमेरा किंवा घड्याळाचा पट्टा हाताळू नये. कपड्यांवर मारण्यासाठी 0.5 टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा असतो आणि तो चांगला परिणाम करतो. परंतु तो मिळाला नाही म्हणून त्याऐवजी द्राक्षबागेच्या शेडमधले औषध कपड्यांवर मारण्याचा उद्योग कोणी करू नये. ती औषधे पिकासाठी असतात, अंगासाठी नव्हेत.

घरी पोहोचल्यावर ट्रेकचे कपडे पलंगावर न टाकता थेट गरम पाण्यात भिजवावेत आणि भरपूर साबण लावून, अंग चोळून आंघोळ करावी. दमून आल्यावर ‘सकाळी बघू’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अळी चिकटण्यासाठी जागा शोधत असते तेव्हाच ती धुऊन काढणे सोपे जाते. खाज सुरू झालीच, तर थंड पाण्याची घडी, कॅलामाइन आणि रात्री सेट्रिझिनची गोळी एवढ्यावर बहुतेकांचे भागते. मेडिकलमध्ये खाजेचे मलम मागितले की कधी कधी तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे एकत्र मिश्रण हाती पडते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लावू नये, कारण त्याने खाज लगेच दबत असली तरी सततच्या वापराने कातडी पातळ होते आणि मूळ दुखणे वेगळ्याच रूपात पसरते.

प्रत्येक पुरळ चिगरचेच असते असे नाही. गंगापूर धरणाच्या आसपास तंबू ठोकून दिवे लावणाऱ्यांच्या मानेवर सकाळी भाजल्यासारखा लांबट चट्टा उठला असेल, तर तो बहुधा दिव्याकडे आलेला बारीक, काळा-नारिंगी भुंगेरा झोपेत चिरडल्यामुळे असतो. असा किडा अंगावर दिसल्यास मारू नये, फुंकर घालून उडवावा. सुरवंटाचे केस किंवा खाजकुइलीची कुसे लागली असतील, तर चोळण्याआधी ती चिकटपट्टीने उचलून काढावीत. गोचीड चिकटलेली आढळल्यास टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तिला काडीने चटका देऊ नये. आग्या मोहोळाच्या माश्या डसल्यावर ओठ सुजू लागले किंवा श्वास लागला, तर मात्र घरगुती उपायांत एक क्षणही घालवू नये, रुग्णालय गाठावे.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले, त्याकडे येतो. आपल्या मंडळींमध्ये खाज जितकी जास्त तितका चावा वाईट, असा हिशेब चालतो आणि तो चुकीचा आहे. स्क्रब टायफस हा ताप चिगरच्याच काही जातींमुळे होतो. अळी कशेरुकी (पाठीचा कणा असलेल्या) प्राण्याला आयुष्यात साधारणपणे एकदाच चावते; तरी तिच्यात या रोगाचे जंतू असतात, कारण ते तिला आईकडून अंड्यातूनच मिळालेले असतात. हे जंतू शिरतात त्या जागी अनेक रुग्णांमध्ये सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते, जी सहसा दुखत नाही आणि खाजतही नाही. शिवाय ती काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा कमरेच्या घडीत असते, जिथे स्वतःचे लक्ष जात नाही आणि गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरांचेही जाईलच असे नाही.

ताप चावल्यानंतर साधारण 10 ते 12 दिवसांनी येतो. सोबत डोकेदुखी आणि अंगदुखी असते, प्लेटलेट्सही घटू शकतात. त्या हंगामात आपल्याकडे डेंग्यूची साथ असली की साहजिकच सर्वांचा संशय तिकडे जातो. 2018 मध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांत झळकले. आपल्या भागात मात्र ते अजून फारसे कानावर नसते. वेळेवर ओळखला तर या तापावर डॉक्सिसायक्लिन हे जुने औषध उत्तम लागू पडते आणि बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरू लागतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत त्रास पोहोचतो. संशय बळकट असल्यास डॉक्टर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात, पण संशय यायला त्यांना माहिती हवी. गवतातून आल्यापासून तीन आठवड्यांच्या आत ताप आला, तर आपण कुठे आणि कधी गेलो होतो, गवतात बसलो किंवा झोपलो होतो का, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे, आणि दवाखान्यात जाण्याआधी घरातल्या कोणाकडून तरी काखा, जांघा आणि पाठ नीट पाहून घ्यावी. खपली सापडली तर दाखवावी. सापडली नाही, तरी गवतात गेल्याचे सांगावेच, कारण ती प्रत्येक रुग्णात उमटतेच असे नाही.