किल्ट नेसायचा असतो

स्कॉटलंडमधल्या गूरॉकच्या धक्क्यावर किल्ट नेसून बोटीच्या रांगेत उभा होतो. पुढच्या गृहस्थांनी मागे वळून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ती जीन्स नाहीये, वर घ्या जरा! आणि ती पिन कुठे खुपसलीय?" बरोबरचे दोघे हसले. एकानं मोबाइल काढून फोटो घेतला. माझी बारा वर्षांची भाची शेजारी उभी होती, ड्रमच्या काठ्यांची पिशवी छातीशी धरून. ती आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे, आणि मग नुसतीच खाली बघायला लागली.

स्कॉटलंडमध्ये मी अकरा दिवस होतो. एडिनबरा झालं, ग्लेनको झालं, लॉख नेसच्या काठावर पावसात भिजूनही झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते या एका दिवसाबद्दल.

ताई आणि भावजी गेली सोळा वर्षं ग्लासगोत आहेत. भाची तिथल्या शाळेच्या पाइप बँडमध्ये, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रमच्या ताफ्यात, ड्रम वाजवते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात डनून नावाच्या छोट्या किनारी गावात काऊल हायलँड गॅदरिंग भरतं. 1894 पासूनची ही जत्रा. तिथे हायलँड नृत्याचं जागतिक अजिंक्यपद ठरतं, ओंडके फेकायच्या स्पर्धा होतात आणि दिवसभर पाइप बँड वाजत असतात. भाचीचा बँड तिथे उतरणार होता, आणि तिची एकच अट होती, "मामा, तू किल्ट घालूनच यायचं." किल्ट म्हणजे तिथल्या पुरुषांचा, कमरेला गुंडाळायचा, मागे निऱ्या असलेला गुडघ्यापर्यंतचा वेश.

हातानं शिवलेला नवा लोकरी किल्ट चार-पाचशे पौंडांच्या खाली सहसा मिळत नाही. आम्ही जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. ही दुकानं लोकांनी दान केलेल्या वस्तू विकतात आणि पैसे कुठल्या तरी सेवाकार्याला जातात. तिथे पंचावन्न पौंडांत एक मिळाला. टार्टन म्हणजे रंगीत चौकटींचा ठरावीक नमुना, पुष्कळदा एखाद्या घराण्याच्या नावाचा. हा आइल ऑफ स्काय या बेटाच्या नावाचा, जांभळा आणि हिरवा, डोंगरावर हेदरची जांभळी झुडपं फुलल्यासारखा. मी गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं, "मी भारतीय आहे, माझं इथलं कुठलंही घराणं नाही. मी हा घातला तर चालेल ना?" हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. दुसऱ्याच्या पोशाखात शिरणं म्हणजे दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून जाण्यासारखं तर होणार नाही ना, असं वाटत होतं. बाई घडी घालता घालता म्हणाल्या, "वापरणार आहात ना? मग न्या. कपाटात टांगून ठेवणार असाल तर मात्र राहू द्या."

नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्या उगीच गोड बोलल्या नव्हत्या. बाल्मोरलसारखे राजघराण्यापुरते राखीव असलेले मोजके नमुने सोडले, तर टार्टन कुणीही नेसावा. स्काय, एडिनबरा असे प्रदेशांचे टार्टन तर सगळ्यांसाठीच असतात. टार्टनची सरकारी नोंदवही 2009 साली सुरू झाली आणि तिच्यात नवा नमुना कुणालाही नोंदवता येतो. तिथल्या शिखांनी 'सिंग' टार्टन करून घेतला, ज्यूंचा आहे, मुसलमानांचा आहे. आणि घराण्यांचे म्हणून जे टार्टन आज मिरवले जातात त्यांतले पुष्कळसे एकोणिसाव्या शतकात ठरले. बॅनॉकबर्नच्या विल्सन यांच्या मागावर ज्या नमुन्यांना आधी नुसते नंबर होते, त्यांतल्या काहींना पुढे घराण्यांची नावं चिकटली. 1822 साली चौथा जॉर्ज राजा एडिनबराला आला, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी सगळा थाट टार्टनचा ठेवला, आणि तिथून तर लाटच आली.

तर पुन्हा धक्क्यावर. त्या गृहस्थांनी काढलेली एकही चूक खोटी नव्हती. किल्ट बेंबीच्या पातळीवर बांधायचा असतो आणि खालचा काठ गुडघ्याच्या वाटीपाशी थांबायला हवा. मी तो पँटसारखा कमरेवर, म्हणजे चार बोटं खाली बांधला होता. ते बोलले त्यातलं अक्षरन् अक्षर बरोबर होतं आणि तरीही बोटीत बसल्यावर मला परतीची बोट किती वाजता आहे एवढंच सुचत होतं. क्लाइडची खाडी, पलीकडचे डोंगर, काहीही दिसलं नाही. भाची हळूच म्हणाली, "मामा, तुला हवं तर तिथे जाऊन पँट घाल. माझ्या बॅगेत तुझी ट्रॅकपँट आहे." तिनं ती पहाटेच भरून घेतली होती. आणि धक्क्यावर पोचायच्या आधी गाडीतही एक प्रकार झाला होता.

ग्लासगो सेंट्रलहून निघालेल्या गाडीत सहलीला निघालेल्या आठ-दहा बायका होत्या. त्यांतल्या एकीनं मिटलेल्या छत्रीच्या टोकानं माझ्या किल्टचा काठ उचलला आणि तो नेहमीचा प्रश्न विचारला. आत काय घातलंय म्हणून. सगळ्या खिदळल्या. मी उठून दारापाशी जाऊन उभा राहिलो. अशीच छत्री कुणी माझ्या ताईच्या साडीला लावली असती तर डबाभर लोक उठले असते. इथे कुणी मान वर केली नाही. किल्ट नेसणाऱ्या पुरुषाला हे झेलावंच लागतं असं सगळ्यांनी धरून ठेवलंय, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

मैदानावर पोचल्यावर भाची बँडकडे गेली. सूर लावायला तासभर होता. मी ट्रॅकपँटची पिशवी घेऊन स्वच्छतागृह शोधत निघालो. वाटेत एका कडेला घडीच्या खुर्च्या मांडून दहा-बारा जण बसले होते, सगळे किल्टमध्ये, पण एकासारखा दुसरा नाही. एकाचा जाड कॅनव्हासचा, दोन्ही बाजूंना मोठाले खिसे असलेला. हा प्रकार अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलहून पसरला. एका तरुणाचा काळाभोर आणि कानात चार डूल. एक बाई चाकाच्या खुर्चीत. त्यांच्या किल्टला पाठीमागे निऱ्या जवळपास नव्हत्याच, सगळ्या दोन्ही अंगांना घेतल्या होत्या, म्हणजे बसल्यावर खाली कापडाचा गठ्ठा रुतू नये. आणि कडेला एक आजोबा, ऐंशीच्या आसपासचे, अगदी पारंपरिक वेशात. गर्द हिरवं-निळं जाड कापड, समोर झिजलेल्या कातड्याचा स्पोरन (आपली चंचीच ती, साखळीनं कमरेला लटकवलेली), पोटरीपर्यंत लोकरी मोजे.

आजोबांनी मला पाहिलं आणि शेजारची रिकामी खुर्ची थोडी पुढे ओढली. एवढंच. मी बसलो.

"छान रंग आहे," ते म्हणाले. "स्काय ना? माझी बायको तिकडचीच होती."

मग बराच वेळ बँडबद्दल बोलले. भाची काय वाजवते, कधीपासून शिकते. मी सांगितलं की मीही पुण्यात ढोल-ताशा पथकात अकरा वर्षं होतो, तर त्यांनी ढोल केवढा असतो, कमरेला कसा बांधतात, हे सगळं विचारून घेतलं. चांगली वीस मिनिटं गेली. मग इकडेतिकडे पाहून, बाकीचे एका बँडकडे बघताहेत याची खात्री करून, खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर पिनेबद्दल एक सांगू का? कापड फाटेल म्हणून सांगतोय, नाहीतर बोललो नसतो."

मी हो म्हटल्यावर ते उभे राहिले. माझ्या किल्टला त्यांनी हात लावला नाही. स्वतःचा दाखवला.

किल्टला समोर दोन सपाट पदर असतात, एकावर एक. वरच्या पदराच्या उजव्या काठाला दोऱ्यांची झालर असते. पिन लावायची ती फक्त त्या वरच्या पदराला, खालच्या कोपऱ्यात, वाऱ्यानं उडू नये म्हणून वजनासारखी. मी ती दोन्ही पदरांतून आरपार टोचली होती, उडायलाच नको म्हणून. तसं केलं की बसताना दोन पदर एकमेकांना ओढतात आणि लोकर फाटते. आजोबांनी आपला वरचा पदर दोन बोटांनी किंचित उचलून पिन दाखवली. आतला पदर मोकळा. मग पट्ट्याची बकलं सोडून, श्वास आत घेऊन, बेंबीवर पुन्हा आवळून दाखवलं. मी त्यांच्या मागोमाग तसंच केलं. मग बसायचं कसं ते. उजव्या हाताची पाठ मागच्या निऱ्यांवरून खाली सारत न्यायची, निऱ्या सरळ दुमडून घ्यायच्या आणि मग टेकायचं, स्पोरन दोन मांड्यांच्या मध्ये पडू द्यायचा.

आणि ते पाहताना मला माझी आजी दिसली. नऊवारीत पाटावर बसताना तिचा हात असाच मागे जायचा, न बघता. पुऱ्या किल्टला आठ यार्ड कापड लागतं आणि आजीचं लुगडं नऊ वारांचं. इकडे निऱ्या मागे, तिकडे पुढे. मी आजोबांना सांगितलं की आमच्या भाषेत शर्ट घालतात पण साडी, धोतर नेसतात, आणि तुमचा हा किल्ट मला नेसायचाच वाटतोय. त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला. नेसायचा. मग चाकाच्या खुर्चीतल्या बाईंना हाक मारून त्यांनाही म्हणून दाखवला.

हा त्यांचा किल्ट नेसणाऱ्यांचा गट. कुणी रोज नेसतं, कुणी फक्त सुटीला. मी विचारलं, खिसेवाला कॅनव्हासचा किल्ट तुम्हाला चालतो? आजोबा म्हणाले, "तो मला शोभणार नाही. त्याला शोभतोय की." त्यांच्यात एक साधी रीत आहे. नव्या माणसाला त्यानं विचारल्याशिवाय दुरुस्त करायचं नाही. अपवाद दोन, कापड फाटणार असेल किंवा अंग उघडं पडणार असेल तर. आणि तेही एकट्याला गाठून. छत्रीचा प्रकार सांगितला तर चौघा-पाचजणांनी आपापले सांगितले. लग्नात, बारमध्ये, लोक सरळ हात घालतात आणि वर म्हणतात, गंमत केली. काळ्या किल्टमधला तरुण म्हणाला की आता तो शांतपणे एवढंच विचारतो, "हे तुमच्याशी कुणी केलं तर चालेल का?"

आजोबांनी 1746 च्या कायद्याची गोष्ट सांगितली. कलोडनच्या लढाईत राजाविरुद्धचं बंड मोडल्यावर सरकारनं हायलँडमधल्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हा वेश बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार रवानगी. सैन्यातल्यांना तेवढी सूट. 1782 मध्ये बंदी उठली, तोवर छत्तीस वर्षं गेली होती, म्हणजे एक अख्खी पिढी. "किती जण नेसायचं कसं हेच विसरले असतील," ते म्हणाले. "त्यांना परत कुणी तरी शिकवलंच असेल ना."

यानंतर मी जे सांगितलं ते त्यांनी विचारलं नव्हतं. पुण्यात, म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रात आमच्या पथकाचा सराव चालायचा. एका वर्षी मणिपूरहून शिकायला आलेली एक मुलगी पथकात आली. हात चांगला होता तिचा, ठेका पटकन उचलायची. मिरवणुकीच्या आदल्या रविवारी सगळ्यांनी फेटे बांधून यायचं होतं. ती स्वतः बांधून आली, बहुधा मोबाइलवर बघून. शेमला पुढे आला होता, घेर सुटत होता. मी ताफ्यासमोर उभा राहून ओरडलो, "फेटा आहे का टॉवेल? आधी डोकं पुसून ये!" शंभरेक जण हसले. तीही हसली. मिरवणुकीला ती आली नाही, नंतरही कधी आली नाही. तेव्हा मला वाटलं होतं, शिस्त म्हणजे अशीच हवी. फेटा चुकीचा होता आणि मी चूक दाखवली, इतकंच. धक्क्यावरच्या गृहस्थांनाही तसंच वाटलं असणार. तिचा नंबर माझ्याकडे नाही. पुण्यात परत आल्यावर पथकातल्या जुन्या चौघांना विचारून पाहिलं, त्यांच्याकडेही नाही.

आजोबा काही बोलले नाहीत. थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे केला. दूध घातलेला, बिनसाखरेचा, कोमट. मी संपवला.

भाचीच्या बँडला कुठलाही क्रमांक मिळाला नाही, आणि तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. गोलात उभं राहून त्यांनी वाजवलं तेव्हा तिचे खांदे जरासुद्धा हलत नव्हते, फक्त मनगटं. आमच्या ताशेवाल्यांना ते बघायला मिळायला हवं. संध्याकाळी सगळे बँड मिळून गावातल्या रस्त्यानं वाजवत निघाले. विसर्जनाच्या लक्ष्मी रस्त्याची आठवण येईल इतकी माणसं, पण पावलं टाकायला जागा होती. बारीक पाऊस पडत होता. मी फुटपाथवर उभा होतो, ट्रॅकपँटची पिशवी खांद्याला, किल्ट बेंबीवर. ओला झाल्यावर तो चांगलाच जड लागतो. भाची ओळीतून जाताना वाजवता वाजवता माझ्याकडे बघून गेली. तिच्या ओळीत तसं बघायची परवानगी नसते.

निघायच्या आदल्या रात्री किल्ट बॅगेत भरायला घेतला. घडी घालायची नसते, निऱ्या एकसारख्या धरून गुंडाळी करायची आणि ती बायकांच्या लांब नायलॉनच्या मोज्यात सरकवायची, म्हणजे निऱ्या मोडत नाहीत. हेही आजोबांनीच सांगितलेलं. ताईनं एक जुना मोजा दिला. गुंडाळी करताना तिला आतल्या पदरावर दोन भोकं दिसली, माझ्या पिनेची. एक ज्वारीच्या दाण्याएवढं वाढलं होतं. ती चष्मा लावून दिव्याखाली बसली. जांभळा दोरा मिळाला, पण तो नेमका तसा जांभळा नव्हता. रफू झाल्यावर तिनं वरचा पदर त्यावर टाकला, हातानं सारखा केला आणि म्हणाली, "बघ, दिसतंय का कुठे?"