वायरिंगला एवढे पैसे कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

"ऑनलाइन दीड-दोन हजारात कॅमेरा मिळतो, वायफायवर चालतो, मग तुम्ही वायरिंगचे एवढे कसले पैसे लावता?" रत्नागिरीत सीसीटीव्ही बसवतो मी, जाईन तिथे हा प्रश्न असतोच, त्यात घर गावाला आणि मालक मुंबईला असेल तर हमखास.

अहो, वायफायच्या कॅमेऱ्याला पण करंट लागतो, म्हणजे वायर काही सुटली नाही. आणि आपली चिऱ्याची घरं, मध्ये दोन जाड भिंती आल्या की सिग्नल मरतो, मग तुम्ही मुंबईत मोबाइल उघडून बसलाय आणि स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय.

खरी भानगड रात्री होते. हे साधे कॅमेरे १२ व्होल्टवर चालतात, दिवसा करंट कमी खातात, पण अंधार पडला की आतले आयआर एलईडी, म्हणजे कॅमेऱ्याला अंधारात दिसावं म्हणून असलेले इन्फ्रारेड दिवे, पेटतात आणि करंट एकदम जास्त लागतो. आता वायर वरून तांब्याची आणि आतून ॲल्युमिनियमची अशी स्वस्तातली असेल, त्यात बारीक, आणि गेट घरापासून लांब, तर तिथे पोचेपर्यंत १२ चे ९ सुद्धा राहत नाहीत, मग कॅमेरा बंद पडतो, परत चालू होतो, परत बंद. दिवसभर चित्र झकास आणि नेमकं हवं तेव्हा काळं. लोक कॅमेऱ्याला शिव्या घालतात, कंपनी बदलतात, वायर मात्र तीच! गेट फारच लांब असेल तर मी सरळ आयपी कॅमेरा (नेटवर्कवर चालणारा) आणि पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच करंट) घालतो, म्हणजे एकाच कॅट सिक्स नेटवर्क केबलमधून करंट पण जातो आणि चित्र पण येतं, १०० मीटरपर्यंत चिंता नाही.

दुसरं म्हणजे आपला पाऊस. कनेक्टर नुसती टेप गुंडाळून बाहेर लोंबत ठेवला की एका पावसाळ्यात आत हिरवा गंज चढतो. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यामागे बॉक्स, आणि केबल खाली झोळ देऊन मग वर बॉक्समध्ये, म्हणजे पाणी झोळावरून टपकतं, आत शिरत नाही. वेळ जातो तो ह्यात, कॅमेऱ्याचे स्क्रू काय, पाच मिनिटांचं काम.

गणपतीला गावी आलात की रात्री बाहेरचे लाइट घालवून एकेक कॅमेरा बघा, आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंगपण काढून बघा. मध्येच तुटत असेल तर लगेच नवा कॅमेरा घेऊ नका, आधी कॅमेऱ्याच्या टोकाला मीटर लावून व्होल्ट मोजायला सांगा, आणि तेही रात्रीच.