सावद्याच्या तबकड्या आणि गीतकोश : ४३ झाल्या, १८ बाकी

मंडळी, सावद्याला मामांच्या माळ्यावर ७८च्या तबकड्यांची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डची, पेटी निघाली होती ना, एकूण ६१, त्यातल्या ४३ची नोंद काल रात्री पूर्ण झाली. धुताना साधं पाणी आणि दोन थेंब साबण एवढंच वापरतोय, स्पिरिट लावू नका कोणी, या तबकड्या लाखेच्या, ती लाख विरघळते आणि तबकडी कायमची जाते.

आता खरी गंमत. एक 'महल'ची निघाली, १९४९ची. लेबलवर गायिकेचं नाव कामिनी! मामा म्हणे, "व्हती ना भो त्या नावाची गाणारी, मी सांगतो ना तुले." पण कामिनी हे सिनेमातल्या मधुबालाच्या पात्राचं नाव, गाणारी लता, आणि तेव्हा लेबलवर पात्राचंच नाव छापायची पद्धत होती. म्हणजे हातात तबकडी असूनही ती पूर्ण खरं सांगत नाही, म्हणून शेजारी गाण्यांच्या नोंदींचा कोश उघडा लागतोच.

माझा भरवसा कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांच्या हिंदी फिल्म गीत कोशावर. दहा-दहा वर्षांचा एक खंड, पहिला छापला तो १९५१-६०चा, १९८० साली, आणि १९३१-४०चा नंतर आला. सिनेमा, संगीतकार, गीतकार, गायक, तबकडीचा नंबर, सगळं एका जागी. मोबाईलवर गाणं शोधलं की ते गाणं मिळतं आणि विषय संपतो, कोशात मात्र एक सिनेमा बघायला जातो आणि खालच्या-वरच्या पाच सिनेमांत तासभर अडकतो, जे चालले नाहीत, ज्यांची प्रिंटसुद्धा राहिली नाही, त्यांच्याही गाण्यांची नोंद तितक्याच आस्थेनं केलेली. 'आलम आरा'चंच बघा, १९३१, सात गाणी, तबकड्या निघाल्याच नाहीत, सिनेमाही हरवला, तरी 'दे दे खुदा के नाम पे' ही ओळ आज आपल्याला माहितीये. मला हे फार मोठं काम वाटतं.

पेटीच्या तळाशी अहिराणी लग्नगीतांच्या ११ कॅसेटी पण होत्या. कव्हरवर गाणाऱ्यांची नावं आहेत, गीतकार बऱ्याच ठिकाणी नाहीच. त्यांच्यासाठी वेगळं रजिस्टर घातलंय, कोशातलेच रकाने आखून. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडच्यांनो, घरात अशा कॅसेटी असतील तर कव्हरच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठवा, आतल्या घडीचा पण.