मकावमध्ये डॉक्टर सन यांच्या दुकानी

आपली मंडळी मकावला जातात ती कॅसिनो बघायला, फार तर सेंट पॉल चर्चच्या त्या उरलेल्या दर्शनी भिंतीसमोर फोटो काढायला. टूरवाल्यांना पुढे थांबायला सवड नसते. मला मात्र तिथून खाली उतरून एका दुकानात शिरायचं होतं. पत्ता: 80, रुआ दास एस्तालाजेन्स. चीन प्रजासत्ताकाचे पहिले हंगामी राष्ट्राध्यक्ष सन यत-सेन यांनी इथे औषधांचं दुकान थाटलं होतं.

गल्लीबोळांतून जाताना गोव्यातलं पणजी शहर आठवत राहतं. निळ्या-पांढऱ्या फरशांवरच्या रस्त्यांच्या पाट्या थेट तिथल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या वाटतात, फक्त जोडीला चिनी अक्षरं. नवल नाही म्हणा. दोन्हीकडे पोर्तुगीजांचं राज्य, आणि 1844 पर्यंत मकाव गोव्याच्याच अखत्यारीत होतं.

दुकानाचं तोंड अरुंद, आत मात्र लांबच लांब, आपल्या जुन्या पेठांतल्या दुकानांसारखं. सरकारने डागडुजी करून 2016 मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. गर्दी नव्हती. बाहेर रस्त्यावर खरेदी जोरात, आत आम्ही मोजकेच.

डॉक्टर सन हे 1892 मध्ये हाँगकाँगच्या, चिनी लोकांसाठी काढलेल्या वैद्यक महाविद्यालयातून बाहेर पडले. त्या कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून पास झाले दोघंच, त्यातले हे एक. पण तिथल्या पदविकेला ब्रिटिश वैद्यक परिषदेची मान्यता नव्हती. मग ते समुद्र ओलांडून इकडे आले. इथलं किआंग वू रुग्णालय चिनी लोकांनी धर्मादाय म्हणून चालवलेलं, औषधोपचार सगळे परंपरागत. तिथे सन पाश्चात्त्य पद्धतीने रुग्ण तपासू लागले, तेही पैसे न घेता. त्याच रुग्णालयाकडून कर्ज काढून त्यांनी हे दुकान उघडलं. नाव ठेवलं ‘चुंग साय’, म्हणजे चिनी आणि पाश्चात्त्य, दोन्ही औषधं मिळतील असं.

धंदा चालला, आणि तेच नडलं. पोर्तुगीज डॉक्टरांनी नियमावर बोट ठेवलं: पोर्तुगीज पदवी नाही, तर इथे डॉक्टरकी करता येणार नाही. 1893 मध्ये सन दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौला निघून गेले. डॉक्टरकी तिथेही काही काळ केली, पण मन आधीच दुसरीकडे लागलं होतं. 1894 मध्ये होनोलुलूत त्यांनी क्रांतिकारी संघटना काढली, पुढच्या वर्षी ग्वांगझौतला उठाव फसला आणि परागंदा व्हावं लागलं.

पोर्तुगीजांनी परवाना दिला असता तर चीनचा इतिहास बदलला असता, असं काही मी म्हणणार नाही. विद्यार्थिदशेतच ते हाँगकाँगमध्ये मित्रांबरोबर चीनची बादशाही उलथवण्याच्या गप्पा मारत असत. पण डॉक्टरकी त्यांच्या कामी आली ती भलत्याच रीतीने. 1896 मध्ये लंडनला चिनी वकिलातीने त्यांना डांबून ठेवलं. गुपचूप जहाजात घालून मायदेशी न्यायचं आणि तिथे मुंडकं उडवायचं, असा बेत. वकिलातीतल्या एका इंग्रज नोकराकरवी त्यांनी चिठ्ठी पोहोचवली ती हाँगकाँगमधले त्यांचे शिक्षक डॉ. जेम्स कँटली यांना. कँटलींनी पोलीस, परराष्ट्र खातं, वर्तमानपत्रं, सगळीकडे धाव घेतली. बाराव्या दिवशी सन सुटले आणि एका रात्रीत जगभर माहीत झाले. गुरू असावा तर असा!

पुढे चीनमध्ये क्रांती झाली आणि 1 जानेवारी 1912 ला नानजिंगमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. पद टिकलं जेमतेम तीन महिने. फौज सेनानी युआन शिकाईच्या हातात होती, त्यामुळे खुर्चीही त्याच्याकडे गेली. 1925 मध्ये बीजिंगमध्ये कर्करोगाने सन गेले. नानजिंगला त्यांची समाधी आहे, 392 पायऱ्यांची. मला विचाराल तर माणूस समजायला ही गल्लीच बरी.

दुपारी सन यत-सेन स्मृतिगृह पाहिलं. कमानींची, मूरिश थाटाची इमारत. बारुदाच्या स्फोटात मूळ घराची हानी झाली, म्हणून 1930च्या दशकात ते पुन्हा बांधलं. इथे राहिल्या त्या सन यांच्या पहिल्या पत्नी लू मुझन. सन यांनी 1915 मध्ये जपानमध्ये सुंग छिंगलिंगशी लग्न केलं. लूबाई 1952 मध्ये वारल्या, तोवर इथेच होत्या. घर खरं तर त्यांचं, पाटीवर नाव मात्र सन यांचं.

दोन्ही ठिकाणं अर्ध्या दिवसात पायी होतात. कॅसिनो काय, रात्रभर उघडेच असतात.