शब्दकोडे तयार करणारा प्रोग्राम, नोंद चौथी : ‘तुर्भे’ किती चौकोनांचे?

मागच्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे ठाणे ते वाशी या ट्रान्स-हार्बर मार्गावरील नऊ स्थानकांची नावे घेऊन पहिले शब्दकोडे जुळवायला बसले आणि पंधरा दिवस एकाच प्रश्नात गेले. प्रोग्राम पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत आहे. त्यातील स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) लिस्टसारखी, म्हणजे घटकांच्या यादीसारखी, हाताळता येते; म्हणजे इंडेक्स देऊन घटक काढता येतो, लांबी मोजता येते, उलटी करता येते. म्हणून प्रत्येक नाव ही अक्षरांची तयार रांग आहे असे धरून मी जाळी भरणारा भाग लिहिला होता. तो कुठेही अडखळला नाही, त्रुटीचा एकही संदेश आला नाही आणि छापून आलेले कोडे मात्र साफ चुकीचे होते.

त्यात ‘ठाणे’ आडवे चार चौकोनांत आणि ‘तुर्भे’ उभे सहा चौकोनांत होते, आणि दोन्ही शब्द जिथे मिळत होते त्या चौकोनात ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली एक नुसती मात्रा होती. आमच्या ऐरोलीच्या घरी आई रोज सकाळी वर्तमानपत्रातले कोडे सोडवते, म्हणून तिलाच आधी कागद दाखवला. “अगं, तुर्भे दोन चौकोनांचं. तु आणि र्भे. मात्रेला कधी वेगळं घर असतं का?” एवढेच ती म्हणाली.

प्रोग्रामच्या दृष्टीने त्याचेही बरोबर होते. पायथॉनमधील स्ट्रिंग ही युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीतील कोड पॉइंटांची, म्हणजे चिन्हांना दिलेल्या क्रमांकांची, रांग असते आणि युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह (हलन्त) या सर्वांना स्वतंत्र कोड पॉइंट आहेत. त्यामुळे ‘ठाणे’ म्हणजे ठ, काना, ण, मात्रा असे चार घटक होतात, तर ‘तुर्भे’ म्हणजे त, उकार, र, हलन्त चिन्ह, भ, मात्रा असे सहा. रफार हा वेगळा घटक नसून र आणि हलन्त यांच्या जोडीतून तो पडद्यावर घडतो. हाच ‘ठाणे’ सी भाषेत यूटीएफ-८ या बाइटांत साठवण्याच्या स्वरूपात ठेवला तर देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइट घेत असल्याने लांबी १२ येते. अक्षरे २, कोड पॉइंट ४ आणि बाइट १२ ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. कोड्याला त्यांपैकी फक्त पहिले चालते.

त्याच आठवड्यात आणखी एक चूक सापडली. यादीत नाव जोडताना अपेंड (एक घटक शेवटी जोडणारी आज्ञा) याऐवजी अधिक-बरोबर (+=) हे चिन्ह वापरले गेले होते. लिस्टला स्ट्रिंग अशी जोडली की पायथॉन ती उसवून तिचे घटक एकेक करून आत टाकतो, म्हणून एका ‘ठाणे’च्या जागी चार नोंदी होत होत्या. हे दुरुस्त करायला एक मिनिट पुरले.

अक्षरे पाडण्याचे काम मात्र मोठे निघाले. युनिकोडने यासाठी ग्राफिम क्लस्टर ही कल्पना दिलेली आहे, म्हणजे वाचणाऱ्याला एक वाटणारा चिन्हसमूह. परंतु २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीपर्यंत त्याचा सर्वसाधारण नियम हलन्तानंतर तुकडा पाडत असे, म्हणून जुन्या आवृत्तीवर चालणारी लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) ‘तुर्भे’चे तु, र्, भे असे तीन भाग करते आणि नवीन नियमानुसार तु, र्भे असे दोनच होतात. कोणाच्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे यावर कोड्याचे उत्तर अवलंबून राहणे मला मान्य नव्हते, म्हणून नियम स्वतःच लिहिला: येणारा कोड पॉइंट काना, मात्रा, हलन्त यांसारखे आधीच्या अक्षराला जोडले जाणारे चिन्ह असेल, किंवा त्याच्या आधी हलन्त असेल, तर तो चालू चौकोनातच घालायचा, नाहीतर नवा चौकोन सुरू करायचा. तपासणीसाठी सर्वांच्या तोंडी असलेले ‘सर जाताना प्या ना ताजा रस’ हे वाक्य घेतले. ते उलटसुलट सारखे वाचले जाते, पण ‘प्या’ अखंड राहिला तरच. जोडाक्षर फोडणारा कोणताही नियम नेमका या मधल्या अक्षरापाशी फसतो, त्यामुळे यापेक्षा चांगली चाचणी मला दुसरी सापडलेली नाही.

ही चाचणी पार पडल्यावर ‘दऱ्या’ने मला थांबवले. हा शब्द दोन प्रकारे टंकलेला सापडतो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य असतात, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, मात्र पहिल्याचे घटक ५ आणि दुसऱ्याचे ६ असल्यामुळे तुलना केली की ते वेगळे ठरतात आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही (एकच मजकूर वेगवेगळ्या प्रकारे लिहिला असेल तर तो एकसारखा करण्याची पद्धत) त्यांना एक करत नाही. मी आधी अदृश्य चिन्हे सरसकट गाळून टाकली होती. परिणाम असा झाला की ‘डोंगरांमधल्या खोल जागा’ या सूत्राचे उत्तर ‘दर्या’ झाले, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात! मराठीत ज्या एका आडव्या रेषेमुळे दोन शब्द वेगळे राहतात, ती रेषा माझ्या साफसफाईत गेली होती. आता प्रोग्राम आधी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह हा क्रम शोधून त्याच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवतो आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढतो. ‘ॲ’ची गोष्टही अशीच आहे. २००८ मध्ये त्याला स्वतंत्र कोड पॉइंट मिळाला, पण त्याआधीच्या मजकुरात तो अ आणि अर्धचंद्र अशा जोडीने लिहिलेला असतो, म्हणून तो बदलही याच टप्प्यावर केला.

अक्षरे नीट पडू लागल्यावर जाळी भरणे अवघड झाले. आधी काना आणि मात्रा यांच्या आधाराने जवळजवळ प्रत्येक नाव दुसऱ्याला छेदत होते. आता नऊ नावांत छेदणाऱ्या जोड्या तीनच उरल्या: ‘णे’मुळे ठाणे आणि कोपरखैरणे, ‘ली’मुळे ऐरोली आणि घणसोली, ‘र’मुळे रबाळे आणि कोपरखैरणे. म्हणून पनवेलकडील ‘मानसरोवर’ हे स्थानक यादीत घेतले आणि त्यानेच कोडे सावरले. ते आडवे ठेवले की ‘न’मधून सानपाडा, ‘रो’मधून ऐरोली आणि शेवटच्या ‘र’मधून कोपरखैरणे उभे उतरते, पुढे कोपरखैरणेच्या दुसऱ्या ‘र’पासून रबाळे आडवे जाते आणि तळाच्या ‘णे’वर ठाणे येऊन संपते. अशी सहा नावे एकत्र बसली आहेत. आईने ती जाळी पेनाने भरली आणि ‘र’चे दोन्ही छेद तपासून बरोबर असल्याचे सांगितले.

दिघा गाव ‘व’मधून उतरवता आले असते, पण मग शेजारच्या रांगांतील ‘ऐ’ आणि ‘गा’ एकमेकांना चिकटतात. तुर्भेला अजून जागा मिळालेली नाही. ‘तु’ने सुरू होणारा ‘तुळस’ हा शब्द घेतला तर त्याच्या ‘ळ’वर नेरूळही अडकवता येईल, पुढच्या रविवारी तो प्रयोग करणार आहे.