शेपूट बसतंय, आज नाही

नानांनी मॉडेल विमान माझ्या हातातून घेतलं, दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून तोललं, क्षणभर पाहिलं आणि परत दिलं. "शेपूट बसतंय, बाई. आज नाही." एवढंच बोलून ते गाडीकडे वळले. आम्ही पहाटे साडेपाचला घर सोडून सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, आलो होतो. अंगावर शहारा येईल असा गारवा होता, पूर्वेकडून जेमतेम वारा होता. वर्षातल्या दहा-पंधरा सुरेख सकाळींपैकी ती एक होती. मी काही न बोलता सामान परत भरलं. डोळ्यांत पाणी आलं होतं ते अंधारात दिसलं नाही.

मी राजापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवते. वय 46. विमानाचं वेड लहानपणापासून, पण आमच्या गावात वेडाला वाट नव्हती. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, 2016 मध्ये ते मुंबईतल्या प्रदर्शनात मांडलं आणि 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, त्या बातम्या मी कापून ठेवल्या होत्या. आपण माणूस बसेल असं विमान बांधणार नाही हे मला माहीत होतं. पण रेडिओवर चालणारं, खऱ्या विमानाच्या सगळ्या नियमांनी उडणारं, 1400 मिलीमीटर पंखांचं विमान बांधता येईल असं वाटलं. ते बांधून, सुरक्षित उडवून, अखंड खाली आणायला मला सव्वा वर्ष लागलं.

पहिलं विमान मी एकटीने बांधलं आणि एकटीनेच गमावलं. डिसेंबरातला रविवार, दुपारचे तीन. सड्याच्या समुद्राकडच्या कडेला उभी राहिले, कारण तिथून दृश्य छान दिसत होतं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट त्या दिवशी विसरले. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो हलका असतो. अकरा-बाराच्या सुमारास तो पडतो आणि समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, तो दुपारी चांगलाच जोर धरतो. हा वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि कड्याच्या मागे सड्यावर भोवरे करतो. कड्यावर काकण, म्हणजे समुद्री गरुड, पंख न हलवता तरंगतो तो त्याच चढत्या वाऱ्यावर. माझं विमान आधी त्या वाऱ्याने उचललं गेलं, मग मागच्या भोवऱ्यात सापडलं, उलटं झालं आणि कड्यावरून खाली गेलं. हातातून सोडल्यापासून फार तर दहा सेकंद.

विमान गेल्याचं दुःख होतंच. पण रात्री झोप लागली नाही ती बॅटरीमुळे. लिथियमची बॅटरी समुद्राच्या खडकांवर सोडून द्यायची? दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेतली, सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ पाहून मी आणि नवरा खालच्या पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) खडकांत गेलो. एक पंख, मोटर आणि फुगलेली बॅटरी मिळाली. ती रेतीच्या बादलीत घालून आणली.

आमच्या पुळणीवर त्या सामानाकडे पाहत एक म्हातारे गृहस्थ थांबले. मोटर हातात घेऊन त्यांनी विचारलं, "दुपारी उडवलंत ना?" तेच नाना. वायुदलात विमानांच्या सांगाड्याचं काम करून निवृत्त झालेले, आमच्यापासून दोन वाड्या पलीकडे राहणारे. त्यांच्या माळ्यावर सात मॉडेल विमानं आहेत हे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

दुसरं विमान त्यांच्या नजरेखाली बांधलं. अंग 5 मिलीमीटर फोमच्या शीटचं. पंखाच्या कण्यासाठी कार्बनची नळी मागवणार होते, तर नाना म्हणाले, "परड्यात माणगा आहे ना?" माणगा म्हणजे आपला कोकणातला बिनकाट्याचा, आतून जवळजवळ भरीव बांबू. जून काठी सावलीत दोन महिने वाळवली, 6 मिलीमीटरच्या दोन पट्ट्या काढल्या. पेरं एकासमोर एक येऊ द्यायची नाहीत, नाही तर काठी तिथेच मोडते. पंख हातात धरून वाकवला तेव्हा तो वाकला आणि सरळ झाला. त्या क्षणाचा आनंद अजून आठवतो.

गरम ग्लूच्या बंदुकीने पहिलं विमान जोडलं होतं. नानांनी ती बाजूला ठेवायला सांगितली. आमच्याकडे मार्चमध्ये बंद गाडीत ठेवलं तर तो ग्लू मऊ पडतो आणि सर्व्होचं, म्हणजे पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरीचं, बूड हलायला लागतं. त्याऐवजी दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी, तोही मोजून. वजन वाढतं म्हणून जादा पुसून काढायचा. सर्व्होच्या कड्या सायकलच्या आऱ्याच्या तारेच्या. मोटर 1000 केव्हीची, म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला साधारण हजार फेरे, त्यावर 10 इंची प्रोपेलर. बॅटरी तीन सेलची, 2200 एमएएच. सगळं मिळून 1100 ग्रॅम.

आणि मग ती सकाळ. शेपूट बसतंय, म्हणजे मागचा भाग जड.

मी आठवीला तरफ शिकवते. घरी येऊन फळ्यावर मांडावं तसं वहीत मांडलं. पंखाची रुंदी 220 मिलीमीटर. तोल पुढच्या कडेपासून 60 मिलीमीटरवर यायला हवा, म्हणजे रुंदीच्या साधारण 27 टक्क्यांवर. विमान कोरं असताना मी तोल पाहिला होता, तो बरोबर होता. त्यानंतर शेपटीला लाल रंग दिला आणि एक पट्टी लावली, मिळून 20 ग्रॅम. शेपूट तोलाच्या बिंदूपासून 60 सेंटीमीटर मागे. 20 गुणिले 60 म्हणजे 1200, भागिले 1100, म्हणजे तोल 1.1 सेंटीमीटर मागे. शिवाय 180 ग्रॅमची बॅटरी वायर नीट बसेना म्हणून 5 सेंटीमीटर मागे सरकवली होती. 900 भागिले 1100, आणखी 0.8 सेंटीमीटर. एकूण जवळजवळ 2 सेंटीमीटर. एवढ्याने विमान नाक वर करत जातं, सुधारायला गेलं की दुप्पट उलटी उडी मारतं आणि नवख्याच्या हातात राहत नाही. नानांना हे दोन बोटांत कळलं होतं.

रंग खरवडला. बॅटरीची जागा पुढे नेली आणि तिला नुसत्या चिकटपट्टीऐवजी आरपार पट्टा बांधला. पंखाखाली 60 मिलीमीटरवर दोन टाचण्या टोचल्या, म्हणजे दर वेळी बोटं तिथेच लागतील. तेव्हापासून बॅटरी बसवल्याशिवाय तोल बघायचा नाही आणि तोल बघितल्याशिवाय गाडीतून बाहेर काढायचं नाही.

कागदपत्रांचं सांगते, कारण त्याबद्दल लोक बेफिकीर असतात. 25 ऑगस्ट 2021 पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत आपल्यासारखी हौशी मॉडेलंही येतात. 250 ग्रॅम ते 2 किलोपर्यंतचं ते मायक्रो, आणि व्यवसायासाठी उडवत नसाल तर मायक्रोला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण कुठे उडवायचं ते सरकारी नकाशावर पाहावं लागतं. हिरव्या भागात 120 मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात विचारावं लागतं, लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 12 किलोमीटरपर्यंत बंधनं आहेत आणि रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दल वापरतं. आमचा सडा त्याहून बराच दूर. तरी मी नोंदणी केली, क्रमांक विमानाच्या पोटाला चिकटवला, पोलीस पाटलांना सांगितलं आणि जमीनमालकाला विचारलं. किनाऱ्याचा जिल्हा आहे. बंदीचे आदेश अधूनमधून निघतात आणि निघाले की विमान खुंटीवर.

सड्याची जागाही शोधून ठरवली. आमच्या भागातल्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीची खोदचित्रं आहेत. कशेळीचा प्रचंड हत्ती बघाल तर थक्क व्हाल. 2022 मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. चित्राच्या आसपास गाडी नेणं किंवा तिथे विमान उतरवणं मला मान्य नाही. म्हणून वस्ती, कलमं, वीजतारा आणि चित्रं या चौघांपासून दूर, कड्यापासून अर्धा किलोमीटर आत एक सपाट तुकडा घेतला. पुळणीवर का नाही, असं सगळे विचारतात. माणसं, वाळू आणि खार, ही तीन कारणं. मोटरीत वाळू गेली की बेअरिंग गेलं, आणि खार लागलेला कनेक्टर महिन्यात हिरवा पडतो.

नानांनी मला विमान लगेच दिलं नाही. आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर, रोज अर्धा तास, दीड महिना. सगळ्यांत अवघड होतं ते विमान आपल्याकडे तोंड करून येताना. तेव्हा डावं-उजवं उलटतं आणि हात चुकतो. नानांनी रिमोटवरच्या काठीसाठी एकच वाक्य दिलं: "जो पंख खाली, काठी त्या बाजूला." विचार करायला वेळच नसतो, म्हणून हे वाक्य हातात उतरेपर्यंत गिरवलं.

मग दोन रिमोट तारेने जोडून चौदा उड्डाणं. नाना एका रिमोटवर बटण दाबून धरत, तोवर विमान माझं. त्यांनी बोट उचललं की विमान त्यांचं. पहिल्या सकाळी त्यांनी नऊ वेळा बोट उचललं. चौदाव्या दिवशी एकदाही नाही.

उडवण्याआधीचं काम दर वेळी तेच, आणि ते नानांनी कधी घाईत करू दिलं नाही. आधी रिमोट चालू, मग विमान. पंखांवरचे एलेरॉन, शेपटीचे एलेव्हेटर आणि रडर हे हलते भाग योग्य दिशेला वळतात का, हे मोठ्याने बोलून पाहायचं. रिमोटची ताकद कमी करून तीस पावलं चालत जायचं, तरी सर्व्हो ऐकतात का बघायचं. घरी, प्रोपेलर काढून, रिमोट मुद्दाम बंद करायचा: मोटर थांबली पाहिजे. सिग्नल तुटला आणि मोटर चालूच राहिली, तर ते विमान कुठे जाईल सांगता येत नाही. प्रोपेलर लावलेल्या विमानासमोर कुणीही उभं राहायचं नाही, मूल तर नाहीच. बॅटरी घरात चार्ज करायची ती पडवीतल्या जांभ्या दगडावर, जवळ रेतीची बादली, आणि आपण तिथेच बसून.

जानेवारीनंतर आणखी एक गोष्ट. सड्यावरचं गवत पिवळं, कोरडं ठणठणीत झालेलं असतं. आपटलेली बॅटरी पेटली तर वणवा थेट लोकांच्या कलमांत जाईल, मोहोर आलेला असताना. म्हणून पाण्याचे दोन कॅन आणि ओली गोणपाटं नेहमी सोबत. एका सकाळी गुरं राखणाऱ्या आजींनी गोणपाटं पाहून विचारलं, "बाई, विमानाला पांघरूण कशाला?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग उडवा." मला ती परवानगी सरकारी परवानगीइतकीच मोलाची वाटली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी नानांनी तार काढली. सकाळचे सात. काठीला बांधलेला लोकरीचा धागा पूर्वेच्या वाऱ्याने जेमतेम हलत होता. विमान वाऱ्याकडे तोंड करून सोडलं, वीसेक पावलांत उचललं गेलं. डावीकडे वळवून चौकोनी फेरी सुरू केली. माझे हात थरथरत होते आणि विमान अजिबात थरथरत नव्हतं. पाच फेऱ्या घेतल्या. नाना माझ्या मागे उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. उतरवताना एकदा उंच आले, मोटर वाढवून पुन्हा वर गेले. दुसऱ्यांदा नाक वाऱ्यात ठेवून मोटर हळूहळू कमी केली आणि चाकं गवतात सरसरत गेली.

वहीतली नोंद अशी आहे: वारा पूर्वेचा, हलका. 6 मिनिटं 40 सेकंद. बॅटरी 11.3 व्होल्ट. डाव्या चाकाची तार थोडी वाकली, संध्याकाळी पकडीने सरळ केली. तोल पुन्हा पाहिला, 60.