दर माणशी एक ओबोल

अथेन्सच्या नाणेसंग्रहालयात मी एका घुबडासमोर अर्धा तास उभी होते. संग्रहालय आहे ट्रॉय उकरून काढणाऱ्या श्लीमानच्या जुन्या घरात, आणि घुबड आहे चार ड्राख्मांच्या चांदीच्या नाण्यावर. एका बाजूला अथेना देवी, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड, शेजारी ऑलिव्हची डहाळी. वजन साधारण १७ ग्रॅम, म्हणजे दीड तोळ्याला किंचित कमी. आमचं घर हुपरीचं. पुढच्या खोलीत आप्पांचं पैंजणांचं काम चालायचं, त्यामुळे चांदी दिसली की टंच किती, ही कुठून आली, कुणी आटवली, हे प्रश्न आपोआप येतात. ही कुठून आली ते तिथल्या पाटीवरच होतं : लाव्रिओन, अथेन्सच्या जुन्या चांदीच्या खाणींचा भाग.

अक्रोपोलिसबद्दल फार लिहीत नाही. एवढ्या गर्दीत मला देऊळसुद्धा नीट बघता येत नाही. बरोबरच्या दोघी दुसऱ्या दिवशी प्लाकात खरेदीला गेल्या आणि मी लाव्रिओची, म्हणजे आजच्या लाव्रिओनची, बस धरली. अथेन्सपासून आग्नेयेला साठेक किलोमीटर. त्या बसमधले जवळजवळ सगळे प्रवासी पुढे सुनिओनच्या पोसायडनच्या देवळाकडे निघालेले. लाव्रिओला मी आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका उतरलो.

तिथून टॅक्सीने थोरिकोस. टेकडीच्या पायथ्याशी एक प्राचीन नाट्यगृह आहे, ग्रीसमधल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. नेहमीसारखं अर्धगोल नाही, लांबट आहे, कुणीतरी दोन्ही बाजूंनी ओढून ताणल्यासारखं. समोर समुद्र, वीजकेंद्राच्या चिमण्या, आणि माणूस एकही नाही. पायरीवर बसून डबा उघडला. खाऊन झाल्यावर सहज बाजूला चालत गेले, तर नाट्यगृहाला लागूनच खडकात एक भोक दिसलं, जाळी लावलेलं. ते खाणीचं तोंड होतं.

मी जाळीपाशी उकिडवी बसले. उभं राहून आत बघताच येत नाही. इथल्या कितीतरी बोगद्यांची उंची मीटरभरही नाही. माणूस आत जायचा तो रांगत किंवा आडवा होऊन. हातात हातोडा आणि छिन्नी, उजेडाला तेलाचा दिवा. माझ्या पाठीमागे दहा-वीस पावलांवर नागरिकांनी बसायच्या पायऱ्या होत्या. म्हणजे वर नाटक चाललेलं असताना या भोकातून शिसं-चांदीचा दगड बाहेर येत असणार. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर पान उलटलं असतं. तिथे बसल्यावर मात्र मला उठवेना.

कारण मला झेनोफोन या प्राचीन ग्रीक लेखकाचा हिशेब आठवला. इ.स.पू. ३५५ च्या सुमाराला अथेन्सचं उत्पन्न कसं वाढवावं यावर त्याने एक पुस्तिका लिहिली. तीत तो आधीच्या पिढीच्या निकियासचं उदाहरण देतो. हा निकियास म्हणजे इ.स.पू. ४२१ मध्ये स्पार्टाशी तह घडवून आणणारा सेनापती, देवभोळा आणि गडगंज श्रीमंत. त्याच्याकडे खाणीसाठी हजार गुलाम होते. ते त्याने थ्रेसच्या सोसियास नावाच्या ठेकेदाराला भाड्याने दिले, दर माणशी रोज एक ओबोल. सहा ओबोलांचा एक ड्राख्मा आणि सहा हजार ड्राख्मांचा एक टॅलंट. जाळीपाशी बसून मी मोबाईलवर गुणाकार केला. ३६० दिवस धरले तर वर्षाला साठ हजार ड्राख्मा, बरोब्बर दहा टॅलंट, घरबसल्या.

पण मला छळतं ते कराराचं दुसरं कलम. सोसियासने संख्या कायम हजारच ठेवायची. कमी झाले तर भर घालायची. बस्स. माणूस मेला हे त्या करारात कुठे लिहायची गरजच नाही, मोजणी पुन्हा हजार भरली की झालं. झेनोफोनला यात काही गैर वाटत नाही. तो पुढे सुचवतो की राज्यानेच असे गुलाम विकत घ्यावेत, दर नागरिकामागे तीन होईपर्यंत, आणि कुणी चोरून नेऊ नयेत म्हणून त्यांच्यावर सरकारी खूण डागावी.

अक्रोपोलिसवरच्या एरेक्थिऑन देवळाच्या बांधकामाचे इ.स.पू. ४०९ ते ४०७ च्या काळातले हिशेब दगडावर कोरलेले आहेत. त्यांत नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम एकाच कामावर, एकाच रोजाने दिसतात : एक ड्राख्मा. म्हणजे अथेन्सला हाताच्या कामाचा भाव चांगला ठाऊक होता. आणि सालामिसची लढाई? इ.स.पू. ४८३ च्या सुमाराला इथे लाव्रिओनला चांदीची नवी मोठी शीर लागली. ती चांदी माणशी दहा ड्राख्मा अशी वाटून टाकायचं घाटत होतं. थेमिस्टोक्लिस या अथेन्सच्या पुढाऱ्याने लोकांना पटवून तीच चांदी जहाजांवर लावली, आणि ४८० मध्ये त्या जहाजांनी इराणी आरमार हरवलं. शाळेत मी हे अभिमानाने वाचलं होतं. लोकशाही वाचली, हे खरंच आहे. ती याच भोकातल्यासारख्या माणसांच्या पाठीवर वाचली, हेही तेवढंच खरं, आणि ते आम्हाला कुणी शिकवलं नाही याचा मला राग आहे.

बाजूलाच खनिज धुण्याचा जुना कारखाना आहे. इथे मी रेंगाळले, कारण हे काम माझ्या ओळखीचं. एका भिंतीमागे पाण्याची टाकी, भिंतीला एका ओळीत छिद्रं, पुढे उतरती फरशी, भोवती पन्हळी आणि गाळ बसायला खड्डे. कुटून-दळून बारीक केलेल्या दगडावर पाणी सोडायचं. हलकी माती वाहून जाते, शिशा-चांदीचा जड भाग मागे राहतो. पाऊस कमी, म्हणून तेच पाणी निवळून परत टाकीत. आमच्या खोलीतला केर आप्पा कधी फेकू देत नसत, तो झारेकऱ्याकडे जायचा आणि तो अशाच पद्धतीने त्यातून चांदीचे कण काढायचा. गिलाव्यावर हात फिरवला. अडीच हजार वर्षांनंतरही गुळगुळीत होता.

तुम्ही गेलात तर पाणी जास्त न्या. सावली नाही. ठरवलेली परतीची टॅक्सी आलीच नाही, आणि भर उन्हात लाव्रिओपर्यंत चालत येताना मी रडकुंडीला आले. बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात म्हाताऱ्या मालकाने न मागता आधी गार पाणी ठेवलं, मग बशीत टरबूज. थोरिकोसहून चालत आले म्हटल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत. आजोबा खाणीत होते, एवढं तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला आणि खोकून दाखवलं.

सुनिओन राहिलं. संध्याकाळच्या बसमधून आप्पांना फोटो पाठवले आणि व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी चष्मा वर करून फरशीचा फोटो मोठा केला.

"ढाळ बघ किती नीट काढलाय," ते म्हणाले. "जाणकार माणूस होता."

मग मी त्यांना आतोतासचं सांगितलं. लाव्रिओनच्या परिसरात सापडलेला हा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला थडग्याचा दगड. नाव आतोतास, धंदा खाणकामगार, मुलूख काळ्या समुद्राकाठचा पॅफ्लागोनिया. आपल्या भूमीपासून दूर त्याच्या देहाने कष्टांतून विसावा घेतला, असं त्यावर कोरलंय. आणि कसबात त्याच्याशी कुणी बरोबरी केली नाही, असंही.

आप्पा जरा वेळ काही बोलले नाहीत.

"हे गाव कुठं आलं?"

"आताच्या तुर्कस्तानात, वरच्या किनाऱ्याला."

"लई लांब आलं की गं," ते म्हणाले.